काळ्या फोटोतली बाणू

ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं सरळ परंड्याला यावं. बस स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. तो कॉम्प्युटर अजून तिथंच आहे.

मी दैवशाला. वीस वर्षं हाच धंदा करते. आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. गेल्या एप्रिलमधला मंगळवार, भर दुपारी एक वाजलेला.

त्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई आल्या होत्या. जवळच्याच वस्तीवरच्या. नवरा गेलेला, बिराप्पा. गुरुवारी तेरावा. हार घालायला फोटो हवा होता आणि घरात होती फक्त एक जुनी निगेटिव्ह. जत्रेतल्या फोटोवाल्यानं काढलेली. बिराप्पा सावलीत उभे, छापलं की तोंड काळंकुट्ट.

"काढशील का गं तोंड ह्यातनं?" त्या म्हणाल्या.

"काढते मावशी. तुम्ही जा निवांत."

आता हे जरा समजून घ्या. साधी फाईल असते आठ बिटची. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम अडीचशे पायऱ्या. सोळा बिटला पासष्ट हजार. अंधारात लपलेलं काही वर काढायचं तर सोळाच लागतं. म्हणून मी सोळा बिटात स्कॅन केलं आणि स्कॅनरच्याच प्रोग्राममध्ये हळूहळू उजेड वाढवला.

बिराप्पांची मिशी दिसली. मग डोळे.

आणि मग...

त्यांच्या मागं एक पोरगी दिसली.

पाच-सहा वर्षांची. पाठमोरी.

मी लगेच फोन लावला. "मावशी, मालकांच्या मागं पोरगी कोण हाय?"



"बाणू," त्या म्हणाल्या. "माझी लेक. पर ती कशी आसंल? फोटो काढला त्याच्या आदल्या सालीच ती गेली."

मी खुर्ची स्क्रीनपासून मागं सरकवली.

"तिचा एक बी फोटो न्हाय गं. लेकराला नजर लागंल म्हणून म्याच कधी काढू दिला न्हाय. आता तिचं तोंड बी आठवंना मला. कायबी करू नकोस, म्या चारच्या गाडीनं येते."

मी परत स्क्रीनकडं बघितलं.

पोरगी मघाशी पूर्ण पाठमोरी होती. आता तिचा गाल दिसत होता.

कुठंतरी पैंजण वाजलं. माझ्या कॉम्प्युटरला स्पीकर नाही.

भीती वाटली, खरं सांगते. पण त्या बाईला लेकीचं तोंड दाखवायचंच, हेही मनात पक्कं झालं. म्हटलं, त्या येईपर्यंत एक प्रिंट काढून ठेवू. प्रिंटचं सॉफ्टवेअर उघडलं.

'ही फाईल उघडता येत नाही.'

पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर! मदतीच्या नंबरवर फोन केला. अर्धा तास नुसती पिपाणी वाजत होती. मग एक जण म्हणाला, "मॅडम, आठ बिट करून घ्या ना. डोळ्याला फरक दिसत नाही."

"तुझ्या डोळ्याला दिसत नसंल! मला दिसायलाय!"

"मग अपडेट करा, मॅडम."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, असला कारभार. दात खात अपडेट केलं. फाईल उघडली.

सगळं काळं.

सॉफ्टवेअरनं मी वाढवलेला उजेड पुसून मुकाट फाईल आठ बिटची करून टाकलेली. विचारलं नाही, सांगितलं नाही. वर चौकट आली, 'बदल सेव्ह करायचे?' मी इतकी पेटले होते की वाचलंच नाही. दाबलं बटण.

फाईल निम्मी झाली.

मेल्यांनो, एका पोरीला गिळलं तुम्ही!

स्कॅनरच्या प्रोग्राममध्ये तीच फाईल उघडली. काळी. उजेड वाढवला, तर नुसते राखाडी चौकोन. निगेटिव्ह परत स्कॅन केली, तीनदा. बिराप्पा आले. त्यांच्या मागं मोकळी भिंत. रडू येत होतं आणि रागही.

म्हाळसाबाई आल्या त्या धापा टाकतच. "दाव."

"मावशी... सॉफ्टवेअरनं खाल्ली."

त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या काळ्या फाईलपुढं बसल्या. पदरानं काच पुसली. लई वेळ बघत राहिल्या.

"हाच छापून दे," म्हणाल्या.

"ह्यात काय नाही हो मावशी."

"तू दे."

तेराव्याला बिराप्पांचा फोटो लागला. शेजारी फ्रेम केलेला एक काळा कागद. पाहुणे कुजबुजले म्हणे. मी गेले नाही.

महिनाभरानं त्यांचा फोन आला. आवाज एवढा खूश, की मीच बसले दचकून.

"दैवशाला, वळली गं! तोंड दिसलं. माझ्यावानीच नाक हाय."

"बरं झालं मावशी," एवढंच म्हटलं.

"पर रडतीया. एकच इचारतीया सारखं."

"काय?"

"म्हणतीया, अंधार कुणी केला?"



"कंपनीनं!" मी किंचाळले. "त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी! मी नाही मावशी!"

पलीकडं कुणीतरी बारीक श्वास घेत होतं... म्हाताऱ्या माणसाचा नव्हता तो.

मग म्हाळसाबाई म्हणाल्या, "बरं. सांगते तिला."

त्या दिवसापासून मी त्या वस्तीच्या रस्त्यानंही जात नाही. कंपनीला अजून शिव्या घालते, रोज. पण बटण मीच दाबलं होतं. आणि हे बाणूला ठाऊक आहे की नाही, ते मला ठाऊक नाही.