कड घासलेलं नाणं

त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य होतं, “कडेनं धरा.” दुसरं होतं, “कडेनं म्हणजे कडेनं.”

चांदीचं जुनं नाणं त्यानं दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडलं होतं, लोक बिस्किट उचलतात तसं. नाण्यांच्या प्रदर्शनात याहून मोठा गुन्हा एकच, नाण्यावर शिंकणं. त्यानं दचकून नाणं माझ्या टेबलावरच्या मखमलीवर ठेवलं, आणि शिंकला. मान वळवून शिंकला, हे खरं, पण शिंकला.

मी या प्रदर्शनातली परीक्षक. विकायचं प्रत्येक नाणं आधी आमच्या टेबलावर येतं. आम्ही ते भिंगाखाली बघतो आणि चिठ्ठीवर चारांपैकी एक शेरा लिहितो: उत्तम, चांगलं, बरं किंवा झिजलेलं. शेऱ्यावरून दर ठरतो, तो दारातल्या तक्त्यावर छापलेला असतो. घासाघीस नाही. मग नाणं आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद. मुख्य परीक्षक माझे सख्खे काका. कामाच्या वेळी ते मला ‘टेबल तीन’ म्हणतात.

नाणं एका मिशीवाल्या शेठचं होतं. शेठ शेजारी उभे होते. घ्यायला आलेला हा घड्याळं दुरुस्त करायचा. नखांच्या कडांत तेलाची काळी रेघ, बोटं मात्र इतकी स्थिर, की माझ्याच हाताची मला लाज वाटली. परीक्षकानं फक्त नाण्याकडे बघायचं असतं. मी बोटांकडे बघत होते.

हे नाणं त्याच्या आईचं होतं. याला कामाची पहिली हत्यारं घेऊन द्यायची म्हणून तिनं ते विकलं होतं. सहा वर्षं तो प्रत्येक प्रदर्शनात ते शोधत होता. हेच कशावरून, असं मी विचारलं, तर त्यानं नाणं उचललं — या वेळी कडेनं — आणि कडेवरचे कानशीचे तीन बारीक ओरखडे दाखवले.

“नऊ वर्षांचा असताना घासून बघितलं होतं. आतसुद्धा चांदीच आहे का ते.”

“मग? काय निघालं?”

“चांदीच,” तो गंभीरपणे म्हणाला. “आणि माझी सालटी.”

मग, कुणी न विचारता, त्यानं सांगितलं की तक्ता वाचून आलोय, ‘झिजलेलं’ निघालं तरच परवडेल. आवाजात विनवणी नव्हती. डॉक्टरला वय सांगावं तसं सांगितलं.

मी भिंग लावलं. मुकुटाचा मणी न् मणी जागेवर. गालाची गोलाई शाबूत. कडेवरचे ओरखडे सोडले तर नाणं उत्तम होतं. चार वर्षांत मी एकही शेरा खोटा लिहिला नव्हता. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, तो श्वास रोखून बसला होता, आणि माझ्या हातानं लिहिलं… झिजलेलं.

शेठची मिशी दोन्ही टोकांनी खाली आली. पण चिठ्ठी ती चिठ्ठी. आता यानं पैसे भरावेत, नाणं घ्यावं, घरी जावं. त्याऐवजी त्यानं खिशातून स्वतःचं भिंग काढलं.

“हे चूक आहे,” तो म्हणाला.

मी हळू आवाजात सांगितलं, की चूक तुमच्या फायद्याची आहे. तो म्हणाला, फायदा कळतो, पण मणी मोजून दाखवू का? आणि मोजायला लागला. मी म्हटलं, उठा. तो म्हणाला, अकरा. आम्ही असे पाऊण तास भांडलो. जगात बहुधा पहिल्यांदाच गिऱ्हाईक माल महाग करून मागत होतं आणि परीक्षक स्वस्त करायला अडून बसली होती. शेठ आळीपाळीनं दोघांकडे बघत होते.

शेवटी त्यानं भिंग खाली ठेवलं.

“आईनं हे मऊ फडक्यात जपलं. आम्हाला हात लावू दिला नाही. डबीवर कायमचं ‘झिजलेलं’ लिहिलेलं तिनं वाचलं ना… तर तिला वाटेल, आपल्याला नीट जपता आलं नाही. शिवाय शेठचंही नुकसान.”

“मग नाणं तुम्हाला मिळणार नाही.”

“हो,” तो म्हणाला. “तेवढं गणित येतं मला.”

मी चिठ्ठी फाडली. नव्या चिठ्ठीवर लिहिलं: उत्तम, कडेला ओरखडे. शेरा बदलला की नोंदवहीत कारण लिहावं लागतं. बराच वेळ पेन तसंच हातात धरून बसले. मग खरं तेच लिहिलं.

नोंदवही सहीसाठी काकांकडे गेली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं. “परीक्षकाचं लक्ष नाण्याऐवजी गिऱ्हाईकाकडे होतं.” काकांनी पुन्हा मनात वाचलं. “टेबल तीन,” ते म्हणाले, “आजच्यापुरतं बंद.”

मागे उभ्या असलेल्या एका संग्राहकानं तिथल्या तिथे नाणं घेतलं. डबीचं झाकण टक्क करून बसलं. घड्याळवाला डबीकडे बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे. आता नोंद झालेलीच होती.

पायऱ्यांवर तो थांबला होता. म्हणाला, नाणं सापडलं आणि उत्तम आहे, हे मी सांगितलं तर आईला वाटेल मी समजूत काढतोय. “तुम्ही सांगाल का? तुम्ही… परीक्षक आहात.”

“आजच्यापुरती बंद आहे.”

“तरी चालेल.”

त्याच्या घड्याळांच्या दुकानाच्या वरच त्यांच्या दोन खोल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं. नाणं परक्याच्या घरी गेलं, हेही मी सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“उत्तम म्हणालीस?”

“कड सोडून.”

“कड यानं घासली,” ती म्हणाली. डोळे पुसले, आणि त्याला चहा टाकायला आत पिटाळलं. मग माझ्याजवळ सरकली. “इतका वेळ का लागला गं तुम्हाला? भांडला का तुझ्याशी?”

“हो.”

“किती वेळ?”

“पाऊण तास.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “लोक दुरुस्तीचे पैसे न देता घड्याळ घेऊन जातात, तरी हा तोंड उघडत नाही,” ती हळूच म्हणाली. “बाहेरच्यांशी तो कधी भांडलाच नाही. भांडतो ते फक्त घरच्यांशी.”

आत काहीतरी फुटलं. बहुधा बशी.