रुचिपालट

शेपूच्या शेवटच्या जुडीवरून सांगलीच्या मंडईत दोन बायका हातघाईवर आल्या होत्या, आणि त्यातली एक देवयानीची आई होती.

"आधी हात मी घातला होता!" म्हणत हेमांगीबाईंनी जुडी पिशवीत कोंबली आणि लेकीकडे वळल्या. "चल, आता नाचणी. उशीर केला की तीही संपते मेली."

चार वर्षांपूर्वी असं कुणी सांगितलं असतं, तर देवयानीने त्याला वेड्यात काढलं असतं. शेपू? आणि आई? पण आता अख्ख्या गावाचीच तऱ्हा बदलली होती. वड्यांच्या गाड्यांवर मोड आलेले मूग विकायला आले होते, कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या दुकानाचं शटर कायमचं खाली गेलं होतं, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं अंबाडीच्या जुड्यांकडे बघून आवंढे गिळत होती.

ही सगळी करामत रुचिपालटाची. आपल्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. भूक त्यांनाही लागते. कुणाला साखर हवी असते, कुणाला पाला आणि साली. पोटातून मेंदूकडे एक नस जाते, तिच्यावरून त्यांच्या मागण्या वर पोचतात, आणि आपण म्हणतो, 'आज काहीतरी चमचमीत खावंसं वाटतंय.' वाटतं त्यांना, खातो आपण! शास्त्रज्ञांनी मग एक नवा जीवाणू घडवला. त्याला आवडायचा फक्त पाला आणि भरड धान्य. तळलेलं किंवा गोडधोड पोटात आलं, की तो वर मळमळीचा निरोप धाडायचा. गोळीतून तो एकदा गिळला की झालं. पथ्य नको, निग्रह नको. त्या गोळीचं नाव ठेवलं रुचिपालट. हेमांगीबाईंनी हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ती घेतली होती.

देवयानीला मात्र नवल पालेभाजीचं नव्हतं. ती लहान असताना आई ऑफिसातून यायची, नूडल्सचा नाहीतर भज्यांचा पुडा टेबलावर ठेवायची आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. कधी मारलं नाही, ओरडली नाही. जवळही कधी घेतलं नाही. आणि आता तीच आई दर शनिवारी मंडईतून आल्यावर भाकरीचा तुकडा भाजीत बुडवायची, अर्धा स्वतः चाखायची आणि उरलेला अर्धा चाळिशीच्या लेकीच्या तोंडाशी धरायची. "आ कर बघू. तिखट नाही ना लागत?"

पहिल्या वेळी देवयानी मोरीत जाऊन नळ सोडून रडली होती. चाळीस वर्षांची घोडी झाली म्हणून काय झालं, आईच्या हातचा घास तिने तोवर खाल्लाच नव्हता.

मग एकदा ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला, आणि वासानेच देवयानीला मळमळून आलं. तिने तर गोळी घेतलीच नव्हती! ती तपासून घ्यायला गेली, आणि निकाल ऐकायला डॉ. शाहीन मुजावर यांच्यासमोर बसली. रुचिपालट घडवणाऱ्यांपैकी त्या एक.

"तुमच्या पोटात रुचिपालट आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"पण मी गोळी कधी..."

"आता गोळी लागत नाही. उष्ट्यातून जातो तो. कुणाचं उष्टं खाता?"

"आई भरवते मला." देवयानीने कौतुकाने सांगितलं.

"पूर्वीही भरवायच्या?"

देवयानी गप्प झाली.

"रोज विचारते मी हे, आणि रोज समोरचं माणूस असंच गप्प होतं," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा, जीवाणूला एकच कळतं, पसरायचं. मनापर्यंत जाणारी वाट आम्हीच त्याला दाखवून ठेवली. पुढची त्याने स्वतः शोधली. त्यातल्या काहींमध्ये असा बदल झाला, की ज्याच्या पोटात ते असतील त्याला दुसऱ्याला भरवावंसं वाटायला लागलं. साहजिकच तेच जास्त पसरले. आम्ही चेष्टेने मायेची साथ म्हणायचो त्याला. आता चेष्टा सुचत नाही."

"म्हणजे माझी आई नाटक करते?"

"छे हो! त्यांना खरंच माया वाटते. फक्त..."

"फक्त ती जंतूंची आहे. सरळ सांगा ना!" देवयानीचा आवाज चढला. "असू दे मग! कुणाचं काय बिघडतंय?"

"तान्ह्या बाळांचं," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "दुधातला स्निग्धांश रुचिपालटाला चालत नाही. आजूबाजूच्या मायाळू बायका बाळांना उष्टं बोट चाटवतात, आणि मग बाळं दूध ओकतात. दोघं अत्यवस्थ आहेत." त्यांनी दोन कुप्या पुढे सरकवल्या. "हा उतारा. जीवाणू मरतील. पथ्य मग आपल्या निग्रहाने पाळायचं."

"आणि भरवणं?"

डॉक्टर कुप्या कागदात गुंडाळायला लागल्या.

दोन्ही कुप्या गटारात ओतून द्याव्यात, असं देवयानीला वाटलं. खरंच वाटलं. उशिरा का होईना, आई मिळाली होती, आणि आता आपल्याच हाताने तिला घालवायची? तिने आईला काही सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात एकदा ती आईकडे गेली, तर हेमांगीबाई जिन्यात उभ्या. खालच्या बिऱ्हाडातलं बाळ त्याच्या आईच्या कडेवर होतं, आणि यांचं वरणात बुडवलेलं बोट त्याच्या ओठांशी.

"आई, नको!" देवयानी किंचाळली.

घरात नेऊन तिने सगळं सांगितलं. हेमांगीबाईंनी ऐकून घेतलं, उठून बोट साबणाने घासघासून धुतलं आणि विचारलं, "कुपी कुठाय?"

"थोडं थांबू या ना. तू फक्त बाळांपासून लांब राहा. मला अजून..."

"काय अजून?"

"मला अजून हवीयेस तू. अशी."

हेमांगीबाईंचे डोळे भरले. त्यांनी लेकीचा गाल कुरवाळला. "बाळं दूध ओकताहेत म्हणतेस ना? आण इकडे," म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच कुपी रिकामी केली.

पुढच्या शनिवारी देवयानी गेली, तेव्हा हेमांगीबाईंनी नाक मुरडत का होईना, अंबाडी शिजवली होती. ताट लेकीपुढे ठेवून त्या समोर बसल्या. स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"मला सगळं आठवतं गं," त्या म्हणाल्या. "मी तुला भरवत होते ते. का भरवत होते, तेवढं आठवत नाही. खूप प्रयत्न केला."

देवयानीची स्वतःची कुपी अजून पर्समध्येच होती, न उघडलेली. आईची तिला इतकी दया आली, की काही कळायच्या आत तिने भाकरी मोडली, भाजीत बुडवली, अर्धा तुकडा स्वतः चाखला आणि उरलेला आईच्या तोंडाशी नेला.

हेमांगीबाईंनी मान मागे घेतली. "उतारा घेतलास तू?"

"नाही."

"मग हे कोण देतंय? तू, का ते?"

हेमांगीबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. हात मागे घ्यावा म्हणून देवयानीने जोर लावला. हात मागे येईना.