शेवटच्या जोडीच्या मागे

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मोर्ले गावच्या क्रीडागृहासमोर आम्ही अठरा जण सायकली धरून उभे होतो आणि माझं डोकं तेव्हापासूनच तापलेलं होतं. कारण माझा भाऊ गुल्वेन. सहा महिन्यांपूर्वी हृदयाचं दुखणं होऊन गेलेला माणूस, दोनशे किलोमीटर जायचंय, आणि पठ्ठ्या न खाता आला होता. डॉक्टरांनी परवानगी दिली ती याच एका प्रकारच्या फेरीला. पुढे कप्तान, त्याला ओलांडून कोणी जायचं नाही, वेग ताशी साडेबावीस, आणि सगळ्यांनी एकत्र निघून एकत्र पोचायचं.

त्याची बायको काटेल पहाटे फाटकापर्यंत आली होती. बोलली मात्र माझ्याशी. "आझेनोर, परत आणशील ना गं त्याला?"

"आणते की. कान धरून आणते."

कान धरणं हा माझा धंदाच आहे. तीस वर्षं मी लोकांचे कान तपासते, यंत्रं बसवते. आवाज कुठून येतो, किती उशिरा येतो, हे मला कोणी शिकवायला नको.

आमचे कप्तान त्रेगेर हे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांनी बोटाने मोजलं, अठरा. मागे पडलेल्यासाठी थांबणार का, असं गुल्वेनने मुद्दाम विचारलं. आमच्या गावच्या पाद्रीबाबांची सवय अशी की सणाला ते प्रवचन बोलत नाहीत, गातात, आणि धृपद आम्ही सगळ्यांनी उचलायचं. हरवलेल्या मेंढराचं प्रवचन गुल्वेनच्या फार आवडीचं. "एकही मागे राहू नये" हे धृपद तो खर्जात धरायचा तेव्हा बाकं थरथरायची. देवाने त्याला दुसरं काही दिलं नसतं तरी चाललं असतं.

"मेंढपाळाने नव्व्याण्णव मेंढरं सोडली होती हो, एकासाठी," तो कप्तानांना म्हणाला.

"त्याला साडेबावीसने जायचं नव्हतं," कप्तान म्हणाले, आणि शिट्टी वाजली.

गुल्वेन आणि मी शेवटच्या जोडीत. अशा फेरीत गप्पा कमी, हाका जास्त. पुढच्याला खड्डा दिसला की तो "खड्डा" म्हणतो, मागची जोडी तेच मागच्यांना सांगते, असं करत हाक शेवटापर्यंत येते. शेवटच्या जोडीने गप्प राहायचं, कारण मागे कोणी नसतं. त्यांच्याकडे एकच हाक, तीही उलट पुढे पाठवायची: "एक सुटला." ती ऐकली की सगळा घोळका थांबतो.

उएलगोआत गावी वेळेत पोचल्याचे शिक्के कार्डांवर घेतले, कॉफी झाली. त्यानंतरचा रस्ता उंच कुंपणांमधून जातो. तिथे पुढून "खड्डा" आलं, आम्ही चुकवला, आणि आमच्या मागे कोणीतरी म्हणालं, "खड्डा."

मी वळून पाहिलं. ओला रस्ता, त्यावर चाकांच्या दोनच रेषा.

प्रतिध्वनी असेल, म्हटलं. पुढच्या हाकेला पुन्हा तेच. प्रतिध्वनी येतो तो बोलणाऱ्याच्या आवाजात. हाक देणारा पुढचा पेरिग, त्याचा आवाज किनरा. मागचा आवाज खर्जातला होता, गुल्वेनचा. आणि गुल्वेन माझ्या शेजारी दोन्ही गाल भरून लोण्याचा केक चावत होता.

"तू बोललास?"

त्याने भरल्या तोंडाने नकाराची मान हलवली. ऐकलं का, विचारलं, तर नाही. त्याचे कान मी महिन्यापूर्वीच तपासले होते, एकदम उत्तम.

चढ सुरू झाल्यावर मागून आलं, "एक सुटला." मी सवयीने तीच हाक पुढे दिली. घोळका थांबला. कप्तानांनी मोजलं. अठरा.

"बाई, तुम्हाला किती मोजता आले?" एवढंच विचारून ते सायकलवर बसले.

आम्ही आरेच्या डोंगरावरल्या माळाला लागलो. धुकं उतरलं होतं. हीदरची बुटकी जांभळी झुडपं, मध्येच काळं पाणी, बाकी काही नाही. मला स्वतःचा राग येत होता आणि गुल्वेनचाही, कारण तो पाणी पीत नव्हता आणि सांगितलं की शीळ घालायचा. अर्ध्या तासाने पुन्हा हाक आली. जरा लांबून, धापा टाकत. "एक सुटला, आझेनोर."

माझ्या तोंडून ती पुढे गेलीच. पुन्हा थांबलो, पुन्हा अठरा. पेरिग म्हणाला, दुकानातलं एखादं यंत्र स्वतःलाच लाव की. कप्तान हसले नाहीत. त्यांनी घड्याळ दाखवलं. आणखी एकदा थांबलो तर पुढचा शिक्का हुकेल आणि अठराच्या अठरा कार्डं वाया जातील, हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

गुल्वेन लालबुंद झाला होता. "सहा महिने अंथरुणात पडून मी हाच रस्ता आठवत होतो. तू मला परत न्यायला आलीयस की पोचू न द्यायला?"

आम्ही निघालो.

माथ्याजवळ धुकं इतकं दाट झालं की पुढची जोडीसुद्धा नीट दिसेना. तेव्हा तो आवाज आला. फार मागून. हाक नव्हती, साधं बोलणं होतं.

"आझेनोर, थांब गं."

मी शेजारी पाहिलं. गुल्वेनचे गुडघे खालीवर होत होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा उबदार होता.

चढ तीव्र होता. मला धाप लागली होती, पुढच्यांच्या धापा ऐकू येत होत्या. गुल्वेनची येत नव्हती.

"थांब गं."

माझ्या जिभेवर हाक होती. मी दात आवळले.

उतार लागला आणि आवाज थांबला.

उजेड असतानाच आम्ही पोचलो. अठरा शिक्के. कप्तानांनी गुल्वेनचा हात दोन्ही हातांत घेतला, सायडरच्या बाटल्या उघडल्या. तो हसला, पण बोलला नाही. दमलाय, सगळे म्हणाले. मीही म्हणाले. रात्रीच्या जेवणाआधी त्याला घरी सोडलं. काटेलने फाटकातच त्याला मिठी मारली. मग त्याच्या खांद्यावरून तिने रस्त्याकडे पाहिलं.

"आणखी कोणी यायचंय का?" तिने विचारलं.

तो अजून फारसा बोलत नाही. जेवतो, बागेत काम करतो, विचारलं की मान डोलावतो. डॉक्टरांच्या मते हृदय छान आहे. रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी उभा राहतो, आणि धृपद आलं की त्याचे ओठ हलतात. पहिल्या रविवारी त्याचा खर्ज मागच्या बाकांवरून आला. दुसऱ्या रविवारी बंद दाराबाहेरून, एक शब्द उशिरा. बाकीचे गातच होते. काटेलने मात्र दाराकडे मान वळवली.

आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो; जितका उशीर, तितकं अंतर. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते.

गेल्या रविवारी पाद्रीबाबांनी मेंढराचं प्रवचन गायलं. शेवटचं धृपद झालं, आमेन झालं, मेणबत्त्या विझल्या, लोक टोप्या शोधू लागले. गुल्वेनचे ओठ केव्हाच मिटले होते. मी बाकावर बसून तेव्हापासूनचे सेकंद मोजत होते. मग ते आलं, डोंगराच्या बाजूने, धापा टाकत: एकही मागे राहू नये.

सतरा सेकंद. त्याच्या आधीच्या रविवारी अकरा होते.