धबधब्यावरचं शून्य

धबधब्याच्या वरच्या डोहात, पाण्याखाली बसवलेलं एक यंत्र काढून आणायचं, आणि तेही बंधाऱ्याची सुनावणी होण्याआधी! हातात होते फक्त पाच दिवस.

त्या यंत्राला आम्ही 'कान' म्हणायचो. चढ्या नावाचा मासा अंडी घालायला समुद्रातून नदी चढून येतो. माझ्या संशोधनासाठी तीस चढ्यांच्या पोटात मी बोटाच्या पेराएवढे टॅग बसवले होते. त्यातला एखादा जवळून गेला, की कान नोंद करायचा. असे सहा कान नदीभर होते. सगळ्यात वरचा आमच्या सरांनी स्वतः बसवला होता, आणि त्यातली नोंद दर वर्षी उतरवून आणणं माझं काम होतं.

गेल्या वर्षीच्या तक्त्यात या कानापुढे आकडा होता शून्य. चढ्या धबधबा चढतच नाही, मग खाली बंधारा घातला तर बिघडलं कुठे, असं सगळे धरून चालले.

ते शून्य मी घरी पंख्याखाली बसून लिहिलं होतं. पायाला फोड आले होते, तक्ता द्यायची तारीख डोक्यावर आली होती, आणि मी वर गेलेच नव्हते. तक्त्यावर संशोधकासोबत नावाड्याचीही सही लागते. नावाडीकाकांच्या सह्या मी कोऱ्या तक्त्यांवर आधीच घेऊन ठेवायची. वर एकटी जाऊन आले, असं त्यांना बिनदिक्कत सांगितलं होतं.

आता तेच काका माझ्यापुढे वल्हं मारत होते.

पहिल्याच दिवशी खळाळात नाव आडवी झाली. वल्हं मोडलं! शिध्याची पिशवी गेली! आम्ही उरलेल्या वल्ह्यानं कसंबसं काठाला लागलो आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी कडा चढायला घेतला. शेवाळलेल्या दगडावरून काका घसरले, घोटा टम्म सुजला, तरी त्यांची थट्टा थांबेना.

"ह्या कड्यावरनं एकटी गेलीस? पोरगी आहेस की घोरपड!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डोहावर पोचलो तेव्हा तिसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. कानाची दोरी तळाच्या खडकात अडकली होती. बुडी मारायला हवी होती, आणि डोहाच्या तोंडाशी पाणी सरळ खाली कोसळत होतं. काका माझ्या कमरेला दोर बांधू लागले. माझा जीव त्यांच्या हातात जाणार होता. आता गप्प राहवेना.

"काका, गेल्या वर्षी मी इथं आलेच नव्हते. तुमच्या सहीवर मी खोटं लिहिलं."

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी गाठ आणखी एकदा आवळून पाहिली.

"जा," एवढंच म्हणाले.

मी बुडी मारली. गार पाणी! अंधार! दोरी हाताला लागली. चाकू चालवला. कान सुटला, पण प्रवाहानं मला उचललं. पाय अधांतरी! धबधब्याची कड हातभर अंतरावर! तेवढ्यात कमरेला हिसका बसला. काका सुजलेला पाय खडकाला रोवून दोर ओढत होते. मी काठावर आले तेव्हा त्यांचे तळवे सोलून निघाले होते.

मी कान टॅबलेटला जोडला. गेल्या वर्षीचे अकरा मासे! यंदाचे आणखी चार!

काकांनी आकडे पाहिले, पण ते हसले नाहीत.

"आमचे सगळे मासेमार माझी सही बघून बंधाऱ्याबद्दल गप्प बसले. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"मी सांगते, काका. सुनावणीत, सगळ्यांसमोर. पदवी गेली तर जाऊ दे."

"जाईलच," ते म्हणाले. "तूच सांग. मी शेजारी उभा राहीन. पण तुझ्या बाजूनं एक अक्षर बोलणार नाही."

मी मान डोलावली. माझ्या लायकीच्या मानानं एवढंही पुष्कळ होतं. मग मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला, आणि आम्ही कडा उतरायला लागलो.