कोरलेले दार

फुल्वियोच्या छातीवरचे टाके सुकले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, तेव्हा एर्सिलियाने देवाकडे एकच मागणे मागितले. हा माणूस जसा घरातून निघतो आहे, तसाच घरी परत येऊ दे. जुने अवशेष आणि टेकड्यांवरची गावे बघत दोघांनीच भटकायचे, हे त्याचे निवृत्तीपासूनचे खूळ. 'पुढे बघू' म्हणायची आता सोय उरली नव्हती. तिने गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली आणि दोघे तेर्नीहून निघाले.

परतीच्या दिवशी दुपारी ते व्हितेर्बोजवळच्या एका घळीत उतरले. तिथल्या कड्यावर प्राचीन काळच्या एट्रुस्कन लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी दारे कोरून ठेवली आहेत. चौकट आहे, उंबरा आहे, पण दार उघडत नाही; मागे नुसता दगड. ओढ्याचा बारीक आवाज येत होता आणि शेवाळाचा ओला वास. बाकी चिटपाखरू नव्हते.

या मुलखात सख्ख्या बहिणीच्या घरी गेले तरी उंबऱ्यावर थांबून 'येऊ का?' म्हणतात, आणि आतून 'ये' आल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. स्वतःच्या घरात अर्थातच कुणी विचारत नाही. फुल्वियोने बोटातली अंगठी त्या दगडी दारावर वाजवली आणि मान वाकवून म्हणाला, "येऊ का आत?"

"पुरे झाला चावटपणा," एर्सिलिया म्हणाली. "मेलेल्यांची थट्टा करू नये."

"थट्टा कसली? लोकांच्या दारात आलोय, विचारायला नको? वामकुक्षी चालली असेल बिचाऱ्यांची."

मग तो वळणापलीकडचे दार बघायला गेला. ती दगडावर टेकली. बराच वेळ झाला. तिने हाक मारली, पुन्हा मारली, आणि उठून वळणाकडे जाणार तोच तो आला. हात बर्फासारखे गार. चढ चांगलाच दमवणारा होता, पण तो एकदाही न थांबता वर आला, त्याला धापही लागली नाही. एर्सिलियाला इतका आनंद झाला की तिने त्याचा गार हात गालाला लावून घेतला.

गाडीचे दार उघडून तो तसाच उभा राहिला. ती "बस ना" म्हणाली तेव्हा बसला. टेकडीवरच्या गावात खानावळीच्या दाराशी थांबला. मालकीणबाईंनी "या, या" म्हटल्यावर आत आला. चर्चमध्ये तर आलाच नाही. आत कुणी नव्हते, आणि एर्सिलिया वेदीपाशी पुढे निघून गेली होती. ती बाहेर आली तेव्हा तो उन्हात दाराकडे बघत उभा होता.

"ऑपरेशनमध्ये तुला नवी रीतभातही बसवून दिली वाटतं," ती म्हणाली. "इतका सभ्य तू आपल्या लग्नातसुद्धा नव्हतास."

तो हसला, पण जरा उशिरा. थकला असेल, असे तिने मनाला समजावले.

संध्याकाळी तेर्नीला पोचल्यावर कुलूप त्यानेच काढले. ती सामान घेऊन आत गेली, दिवा लावला आणि वळली. तो अजून पायपुसण्यावरच उभा होता.

"एर्सिलिया..." तो हळूच म्हणाला, "येऊ का?"

तिच्या हातातली पिशवी गळून पडली. लग्न झाल्यापासून हा माणूस या घरात 'आज काय केलंयस?' असे ओरडतच शिरत आला होता.

"फुल्वियो कुठे आहे?"

"हा काय... मी. बाहेर गार आहे गं. म्हण ना एकदा..."

तिला सगळे कळले. नाही म्हणावे, तर समोरचे हे डोळेही जातील, ही वाकडी कॉलरही जाईल, आणि या घरात आपण एकट्या उरू. ती भीती तिला उंबऱ्यावर जे उभे होते त्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटली. तिला त्याच्यावाचून राहायचे नव्हते.

"ये," ती म्हणाली.

पुढच्या तपासणीत डॉक्टर खूश झाले. हृदय जवान पोरासारखे चालते आहे, म्हणाले. एर्सिलियाने त्यांना पुन्हा ऐकून बघायला सांगितले. त्यांनी ऐकले, आणि पुन्हा तेच सांगितले.

रविवारी ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. बाहेरचे दार उघडल्याचा आवाज आला, मग फुल्वियोचा, चांगला यजमानासारखा भरघोस. "या, या. संकोच नको. आता आपलंच घर आहे."

तिने डोकावून पाहिले. दाराबाहेरचा जिना रिकामा होता. अरुंद बोळात लोकांना वाट द्यावी तसा तो दार धरून भिंतीला पाठ लावून उभा होता. मान लववत होता, पुन्हा लववत होता. मध्येच एकदा खाली वाकला आणि लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्याने हवेत हात फिरवला.

मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मोठं पातेलं काढ, एर्सिलिया. खाली अजून बरेच आहेत."