जेवलात का?

काचपेटीतलं हृदय आज सकाळी एकशे नव्वद ग्रॅम भरलं. महिन्यापूर्वी ते तीनशे होतं. डॉ. हेमांगी वाघचौरेने काटा दोनदा तपासला आणि ती पेटीकडे पाठ करून उभी राहिली, कारण ते हृदय तिच्या वडिलांचं, अण्णांचं होतं.

नाशिकच्या या प्रयोगशाळेत 'प्रतिहृदयं' वाढवली जात. रुग्णाच्याच पेशींपासून घडवलेलं नवं हृदय छातीत बसवण्याआधी तीन महिने पेटीत राही आणि मालकाचं आयुष्य जगे. अण्णा सकाळी चालायला निघाले की ते जोरात धडधडे, अण्णा झोपले की मंदावे. अण्णा जे खात, त्याचाच रस नळीतून त्याला मिळे. माणसाच्या सवयी आधीच अंगवळणी पडल्या की छातीत गेल्यावर हृदय परक्यासारखं वागत नाही, इतकी साधी कल्पना.

मालकाच्या मनगटावर एक नोंदपट्टी असे. दिवसातून तीनदा ती विचारी, "जेवलात का?" उत्तर फक्त मालकाच्या आवाजातलं चाले. सुरुवातीला मायेपोटी घरचेच खोटं सांगायला लागले होते, म्हणून नोंदी कुणालाच बघता किंवा बदलता येणार नाहीत अशा मोहोरबंद केल्या होत्या. शास्त्रज्ञांना दिसायचं ते फक्त हृदय.

"हे चरबीने बिघडलेलं नाही, हेमांगी," पेटीची रचनाकार डॉ. समीना तांबोळी म्हणाली. "हे वाळलंय. स्नायू स्वतःलाच खातोय. उपासमारीत होतं तसं."

"अण्णा आणि उपाशी? रोज तासभर चालतात, मिश्री सोडली, लोणचं-पापड बंद, नऊच्या ठोक्याला झोपतात. वजनही तेवढंच आहे."

"मग मला कळत नाही. पण आणखी दहा ग्रॅम गेलं, तर हे बसवण्यात अर्थ नाही."

तीस वर्षं एसटी चालवताना डेपोतल्या वड्यांवर आणि जागरणांवर अण्णांनी स्वतःचं हृदय झिजवलं होतं. ते फार तर महिनाभर ओढणार होतं. दुसरं प्रतिहृदय वाढवायला वेळच नव्हता. हेमांगीने गाडी काढली आणि भर दुपारी सिन्नरचं घर गाठलं.

अण्णा ताट पुढ्यात घेऊन बसले होते. ताटात भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वाटीभर दही.

"आज तर मंगळवार. तुमचे उपास सोमवार-शनिवारचे ना?"

"एकवीस दिवसांचा धरलाय. आज विसावा." अण्णा जरा संकोचले. "तू म्हणाली होतीस ना, ते काचेतलं थोडं खंगलंय म्हणून. मला दुसरं काय येतं? त्याच्यासाठीच धरला."

तेवढ्यात पट्टी बोलली, "जेवलात का?"

अण्णांनी तोंडातला घास गिळला. "नाही. उपास आहे."

हेमांगीने ताटाकडे पाहिलं, मग पट्टीकडे. अण्णा खोटं बोलले नव्हते. फराळाला जेवण कोण म्हणतं? पट्टीचा शब्दकोश दोन वर्षांपूर्वी तिनेच भरला होता आणि त्यात लिहिलं होतं: उपास, म्हणजे आहार शून्य. जन्मभर साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास केलेल्या बाईने हे लिहिलं होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आधी आठवड्याच्या दोन उपासांनी ते हृदय खंगलं, ते ऐकून अण्णांनी सलग उपास धरला, आणि वीस दिवस ते नुसत्या पाण्यावर रोज तासभर चाललं.

तिने सगळं समजावून सांगितलं. अण्णांचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे मीच मारतोय त्याला?"

"तुम्ही नाही, मी. आता पट्टीला खरं सांगायचं. जेवलो म्हणायचं, काय खाल्लं ते सांगायचं."

"तसं म्हटलं की उपास मोडला, हेमे."

"मोडू द्या, अण्णा. पाया पडते तुमच्या."

अण्णांनी देवघराकडे बघून हात जोडले. मग त्यांनी होकाराची मान हलवली. हेमांगी समीनाला फोन करायला अंगणात आली.

"सापडलं," ती म्हणाली आणि तिने घडलेलं सांगून टाकलं.

समीना घाईघाईने म्हणाली, "ऐक. त्यांना आजचा एकच घास सांगू दे. फक्त एक. इतक्या उपाशी स्नायूला थेंबाथेंबाने द्यावं लागतं, एकदम मिळालं तर हृदय बंद पडेल. आणि मागचं काही सांगू नका म्हणावं. राहिलेली नोंद मिळाली की पेटी राहिलेला रस तिथल्या तिथे सोडते, हृदय मालकाच्या मागे पडू नये म्हणून. नळी हाताने बंद करायला मला सात मिनिटं लागतील."

दाराआडून अण्णांचा आवाज येत होता, सावकाश आणि स्वच्छ. "सोळा तारीख. भगर दोन वाट्या, आमटी, राजगिऱ्याचे लाडू दोन. सतरा तारीख. रताळी..." तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गाडीच्या नोंदवहीत एक रकाना कधी कोरा ठेवला नव्हता.

"अण्णा, थांबा." हेमांगी उंबरठ्याला ठेचकाळत आत धावली.

"वीस दिवसांच्या नोंदी मिळाल्या," पट्टी म्हणाली. "आभारी आहे."

कानाशी धरलेल्या फोनमधून नळ्यांचा खळखळाट आला, धावत्या पावलांचा आवाज आला. काहीतरी फुटलं. मग समीनाने तिला नुसतीच हाक मारली, दोनदा, आणि पुढे काही बोलली नाही.

अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले. उपास मोडल्याचं दुःख होतं, पण चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"एक दिवस गाळला नाही बघ," ते म्हणाले. "आता पोटभर जेवलं असेल ना गं ते?"

हेमांगी हो म्हणाली.