चिंचेपासून डावीकडे

ही घटना खरी आहे. पुंडलिकराव आणि मैनाबाई आजही दिग्रसमध्येच राहतात. पुंडलिकरावांना विचारलंत तर ते आधी चष्मा पुसतील. "माही आयकन्यात चूक झाली असन," असं म्हणतील. आणि मग हळूहळू सगळं सांगतील.

२०२३ सालच्या डिसेंबरातला दुसरा रविवार होता.

वेळ संध्याकाळी साडेपाचच्या आसपासची.

जागा म्हणजे दिग्रसबाहेर, धरणाच्या पाण्यात उतरणारा जुना गाडरस्ता.

पुंडलिकरावांनी सगळी नोकरी वाचनालयात काढली. निवृत्तीनंतर साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी सायकल धरली. वर्षभरात आसपासच्या पांदणी, शेतांमधल्या वाटा, त्यांना पाठ झाल्या. त्या दिवाळीत मैनाबाईही शिकल्या, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. दोनदा पडल्या, एकदा काटेरी कुंपणात गेल्या, पण शिकल्या.

आता त्यांच्यासाठी रस्ता शोधायचा होता. डांबरी सडकेवर ट्रक होते आणि ओळखीचे लोक होते. मैनाबाईंना दोघांचीही सारखीच धास्ती.

"लोकायसमोर मी नाई चालवत," त्या म्हणाल्या. "झाडी असन, कोनी नसन, असा रस्ता पाहा. आन चढ नको."

पुंडलिकरावांनी वही काढली. पहिली पांदण नाल्यात उतरत होती, तिथं सुटे गोटे होते. खोडली. दुसरीवर बकऱ्यांचा वाडा होता आणि वाड्याला चार कुत्री. तीही खोडली. तिसरी सागाच्या जंगलातून जाणारी, फार देखणी. पण ट्रॅक्टरनं चाकोऱ्या इतक्या खोल पाडलेल्या की पायडल टेकत होतं.

राहिला जुना गाडरस्ता. धरणात गेलेल्या गावाचा. दगड दाबून बांधलेला, रुंद, दोन्ही बाजूंनी कडुनिंब, आणि उतार इतका हलका की पायडल मारायचीही गरज पडू नये. जूनमध्ये पाणी आटलं होतं तेव्हा पुंडलिकराव थेट जुन्या घरांच्या जोत्यांपर्यंत जाऊन आले होते. हिवाळ्यात तो भाग पाण्याखाली असतो. पण पाण्याच्या अलीकडे चिंचेचं मोठं झाड आहे. तिथून डावीकडे एक पाऊलवाट निघते आणि बांधावरून सडकेला लागते.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. चिंचेपासून डावीकडे.

शुक्रवारी ते रस्ता पाहून आले. शनिवारी पुन्हा शंका आली, म्हणून पुन्हा जाऊन आले.

सायकल दुरुस्त करणाऱ्या रहेमाननं एक गोष्ट बजावली होती. "भाऊ, भाभीले समोर ठेवजा. शिकनारा मानूस नजरेसमोर पाह्यजे."

मैनाबाईंनी ते उडवून लावलं. "मागून कोनी पाह्यलं की माहा तोल जाते. तुमीच व्हा समोर. आन मांग वळून पाहाचं नाई, सांगून ठेवते."

मग घंटीचं ठरलं. पुंडलिकरावांनी एकदा वाजवली की अर्थ, आहेस ना मागे? मैनाबाईंनी एकदा वाजवली की अर्थ, आहे. दोनदा वाजली की वळण आलं.

रविवारी दुपारी मैनाबाईंची सायकल रहेमानकडून आणायची होती. "ब्रेक नवे टाकले," रहेमान म्हणाला. "आन भाऊ, अजून एक सांगाचं होतं..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत आत गेला. पुंडलिकराव थोडा वेळ उभे राहिले. हाक मारावी की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते सायकल घेऊन निघून आले.

गाडरस्त्याला लागेपर्यंत ऊन उतरलं होतं. सडकेवर दोघं शेजारी शेजारी, सायकली हातात धरून चालत आले. इथं मैनाबाईंनी पदर खोचला आणि सीटवर बसल्या. पुंडलिकराव पुढे झाले.

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी घंटी वाजवली.

मागून उत्तर आलं. टिंग.

पुंडलिकरावांना बरं वाटलं. मैनाबाईंची घंटी एरवी खरखरायची. आज आवाज कसा खणखणीत, जुन्या सायकलींच्या घंटीसारखा जाड होता. रहेमाननं तेल घातलं असणार.

त्यांनी पुन्हा वाजवली.

उत्तर आलं, पण या वेळी अगदी जवळून. जणू मैनाबाईंचं चाक त्यांच्या चाकाला टेकलं होतं. "जरा दूर राह्य व," ते म्हणाले. मागून कोणी बोललं नाही.

तिसऱ्या वेळी त्यांनी घंटीवर अंगठा ठेवला...

आणि त्यांनी वाजवण्याआधीच मागून उत्तर आलं.

वळून पाहावंसं वाटलं. पण तिनं बजावलेलं होतं. पाहिलं आणि ती पडली, तर? पुंडलिकराव तसेच पुढे पाहत राहिले.

चिंच आली. त्यांनी दोनदा घंटी वाजवली आणि डावीकडे वळले. मागून दोनदा उत्तर आलं.

उत्तर एकदाच द्यायचं ठरलं होतं.

पाऊलवाटेवर तीसेक हात गेल्यावर त्यांनी पुन्हा वाजवली.

काहीच नाही.

पुन्हा वाजवली. तुरीच्या शेतात मघापर्यंत पाखरांचा गलका होता. तोही थांबला होता.

मग एक घंटी वाजली... पण मागून नाही. उजवीकडून, लांबून.

पाण्याच्या बाजूनं.

पुंडलिकरावांनी वळून पाहिलं. पाऊलवाट रिकामी होती.

ते चिंचेपाशी परत आले. ओलसर मातीत मैनाबाईंच्या टायरची नक्षी स्पष्ट उमटली होती. ती डावीकडे वळली नव्हती. सरळ खाली गेली होती.

आणि तिच्या बाजूनं... आणखी एक रेघ होती. बारीक, गुळगुळीत, जुन्या घासलेल्या टायरची. ती चिंचेच्या बुंध्यापासूनच सुरू झाली होती.

पुंडलिकरावांनी सायकल टाकली आणि धावले.

मैनाबाई कमरेइतक्या पाण्यात होत्या. हँडल धरून सायकल पुढे ढकलत होत्या.

"थांबा ना जरा," त्या म्हणत होत्या. "किती समोर जाता मले सोडून?"

त्यांच्या समोर फक्त पाणी होतं.

"अवो! मैना!" पुंडलिकराव ओरडले. मैनाबाईंनी मान वळवली नाही.

पाण्यावरून आवाज आला. टिंग.

"हो," मैनाबाई म्हणाल्या, आणि एक पाऊल पुढे सरकल्या. पाणी छातीला लागलं.

पुंडलिकरावांना पोहता येत नाही. आपण पाण्यात कसे शिरलो हे त्यांना आजही सांगता येत नाही. मैनाबाईंचा दंड हाताला लागला तेवढं आठवतं. सायकल सुटली आणि एका बाजूला कलून बुडाली. त्यांनी ओढत ओढत बायकोला काठावर आणलं.

मैनाबाई त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. ओळख पटवावी तशा.

"तुमी इकडं कसे?" त्या म्हणाल्या. "तुमी तं समोर होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकराव रहेमानकडे गेले. त्यांनी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "भाऊ, माफ करजा. काल फोनमंदी सांगाचंच राह्यलं."

त्यानं ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि समोर ठेवलं.

ती मैनाबाईंच्या सायकलची घंटी होती.

"स्प्रिंग गेलती. नवी आनली की लावून देतो म्हटलं."

पुंडलिकराव घरी आले. मैनाबाई अंथरुणावर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"काल तू घंटी वाजवत होती ना?"

"घंटी होती कुठं त्या सायकलीले? मले वाटलं, तुमाले मालूम हाय. मी आपली दरवेळेस 'हो' म्हनत होती. काहून, तुमाले आयकू नाई आलं?"

रस्त्यावर एकही 'हो' त्यांना ऐकू आला नव्हता.

पुढच्या जूनमध्ये पाणी आटलं, तेव्हा रहेमान जुन्या जोत्यांपर्यंत जाऊन आला. सायकल सापडली नाही. लोखंड म्हणून कोणी नेली असेल, असं तो म्हणाला. जोत्यांपाशी आणखी काही दिसलं का, असं पुंडलिकरावांनी विचारलं.  रहेमान हातातली चेन पुसत राहिला.

पुंडलिकरावांनी स्वतःची घंटीही काढून टाकली. दोन्ही घंट्या कपाटात, पुस्तकांच्या मागे आहेत. सगळ्यात सोपा रस्ता आपणच निवडला, दोनदा पाहून निवडला, हे ते अजून घोकत असतात.

संध्याकाळी ते पडवीत वाचत बसतात. कधी कधी गल्लीतून एक घंटी वाजते. जाड, खणखणीत. दूधवाला असेल, कोणीही असेल. पुंडलिकराव पानावर बोट ठेवून थांबतात.

स्वयंपाकघरातून मैनाबाईंचा हळू आवाज येतो.

"हो."

"कोनाले हो म्हनली व?"

"मी? मी कुठं काय म्हनली?"

आजवर ती एकदाच वाजायची. त्यामुळे पुंडलिकराव स्वतःची समजूत घालू शकत होते.

गेल्या मंगळवारी ती दोनदा वाजली.

आतून 'हो' आला नाही. पुंडलिकराव पुस्तक टाकून उठले. स्वयंपाकघरात तव्यावर भाकर करपत होती. मागचं दार उघडं होतं.

उंबऱ्यावर बसून मैनाबाई चपला घालत होत्या.